साचलं, साठवलं की जमवलं? इंग्रजी-फ्रेंचमध्ये नेमका शब्द निवडायची रीत

फ्रेंच शिकायला लागून जेमतेम दीड महिना झाला होता. बाईंनी वर्गात एकेकाला छंद विचारायला सुरुवात केली. माझ्याकडे जुन्या नाण्यांचा डबा होता. भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, वीस पैशांचं ते पिवळं कमळ, सगळं त्यात. मी ऐटीत म्हणाले, 'ज रामास दे पिएस.' बाई क्षणभर थांबल्या आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, 'ऊ?' म्हणजे कुठे? शब्दकोशात 'रामासे'पुढे 'गोळा करणे' असं छापलेलं होतं आणि मी ते डोळे मिटून उचललं होतं. 'रामासे' म्हणजे खाली पडलेलं उचलणं. थोडक्यात, मी रस्त्यात पडलेले पैसे वेचत हिंडते असं सगळ्या वर्गाला सांगून बसले होते.

आता मीच नवशिक्यांना शिकवते. आठवीला संस्कृत सोडून फ्रेंच घेतलेली मुलं असतात, शिकायला तिकडे निघालेले असतात, नवऱ्याची किंवा बायकोची बदली झाली म्हणून घाईघाईने आलेले असतात. या एका कोपऱ्यात सगळे हमखास अडखळतात, कारण आपण मराठीतून आधी इंग्रजीत जातो आणि तिथे गाडी बदलून फ्रेंचमध्ये. त्या मधल्या स्टेशनावर अर्थाचं निम्मं सामान राहून जातं. मराठीत या कामाला काय कमी क्रियापदं आहेत? साचणं, साठणं, साठवणं, जमणं, जमवणं, गोळा करणं, वेचणं, रचणं, कोंबणं. ती सगळी आपण इंग्रजीच्या 'अक्युम्युलेट'मध्ये किंवा 'कलेक्ट'मध्ये ओततो आणि मग फ्रेंच शब्द हुडकत बसतो. तसं करू नका. मराठी क्रियापदालाच प्रश्न विचारायचे, उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

पायरी पहिली: आधी तोंड, मग अर्थ

फ्रेंच 'अक्युम्युले' आणि इंग्रजी 'अक्युम्युलेट' हे एकाच घरचे. लॅटिनमध्ये 'क्युम्युलस' म्हणजे रास, ढीग. पावसाळ्याआधी आकाशात कापसाच्या राशीसारखे जे ढग दिसतात त्यांचं नावही हेच. १८०२ साली लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड हा हवामानाचा हौशी अभ्यासक आणि पॅरिसमध्ये लामार्क हा निसर्गशास्त्रज्ञ, दोघेही ढगांना नावं देत होते. लामार्कने ती फ्रेंचमध्ये दिली, हॉवर्डने लॅटिनमध्ये. हॉवर्डची टिकली, लामार्कची विसरली गेली.

मी इथे फ्रेंच शब्द देवनागरीत लिहितेय ते जवळपासचं रूप समजा. 'अक्युम्युले'मधला 'यु' आपला 'यु' नाही. 'ई' म्हणायला लागा, जीभ तिथेच राहू द्या आणि ओठांचा शिट्टी वाजवताना करतो तसा चंबू करा. जो आवाज येईल तो हवा. या शब्दात तो दोनदा येतो, म्हणून सरावाला फार चांगला. शेवटचा 'आर' लिहायचा, उच्चारायचा नाही. स्पेलिंगमध्ये दोन सी, एक एम, एक एल, दोन्ही भाषांत. इंग्रजीत लोक दोन एम लिहितात ते बहुधा 'अकॉमोडेट'च्या सवयीने, त्यात सी आणि एम दोन्ही जोडीने येतात.

एवढं पुरे. उच्चारावर महिनाभर घासत बसणारे पुढे सरकतच नाहीत.

पायरी दुसरी: कोणी साठवलं की आपोआप साचलं?

ही पायरी पक्की झाली की निम्म्या चुका गेल्या समजा.

मराठीत पाणी 'साचतं' आणि आपण ते 'साठवतो'. पैसे 'जमतात' आणि आपण ते 'जमवतो'. करणारा आहे की नाही हे क्रियापदच सांगून टाकतं. इंग्रजीला याचं सोयरसुतक नाही. 'डस्ट अक्युम्युलेट्स' आणि 'ही अक्युम्युलेट्स वेल्थ', दोन्हीकडे शब्द तोच. फ्रेंच मात्र आपल्यासारखी, ती फरक करते. कोणी मुद्दाम साठवत असेल तर 'अक्युम्युले', आपोआप साचत असेल तर पुढे 'स' जोडून 'साक्युम्युले'. धूळ साचते: 'ला पुसिएर साक्युम्युल.' तो 'स' विसरलात तर ऐकणारा वाट बघत राहतो की धूळ साठवतेय, बरं, पण काय साठवतेय?

म्हणून नियम सोपा. मराठी वाक्यात 'साचणं, साठणं, जमणं' आलं की फ्रेंचमध्ये 'स' लागणार. 'साठवणं, साचवणं, जमवणं' आलं की नाही लागणार. इंग्रजीकडे बघायचंच नाही.

रात्री साडेनऊला तुमच्या सिंककडे बघा. कुकरचं झाकण उलटं पडलंय, त्यात पाणी, पाण्यावर वरणाचा पिवळा तवंग, दोन चमचे तळाशी, कडेला चहाच्या कपांत गाळ सुकत चाललेला. हे कोणी साठवलेलं नाही. कोणीही कबूल होणार नाही. भांडी 'साचलीत'. फ्रेंचमध्ये 'ला वेसेल साक्युम्युल'. इंग्रजीत इथे 'अक्युम्युलेट' फार सुटाबुटातलं वाटेल. घरात कोणी तसं बोलत नाही, तिथे 'द डिशेस आर पायलिंग अप' म्हणतात. काम साचणं, टपाल साचणं, बिलं साचणं, सगळ्यांना हीच जोडी चालते.

एक अपवाद आताच लक्षात ठेवा, कारण तो मजेदार आहे. वापरात नसलेली वस्तू पडून राहते तेव्हा मराठीत ती धूळ 'खाते'. इंग्रजीत ती धूळ 'गॅदर' करते, म्हणजे गोळा करते. फ्रेंचमध्ये ती धूळ 'घेते', 'प्रांद्र ला पुसिएर'. जिममध्ये न जाणाऱ्या माणसाची घरातली सायकल तिन्ही भाषांत तशीच कोपऱ्यात उभी असते, फक्त मराठीत तिला भूक लागते.

पायरी तिसरी: ढिगाचा आकार डोळ्यासमोर आणा

वस्तू कशी पडलीय किंवा रचलीय, यावर फ्रेंच क्रियापद बदलतं. आणि इथे आपण श्रीमंत आहोत. नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, मडक्यांची उतरंड, कडब्याची गंजी, धान्याची रास, कचऱ्याचा ढीग. हे शब्द शहरात मागे पडत चाललेत, पण फ्रेंच शिकताना कामाला येतात.

चळत, थप्पी, उतरंड म्हणजे एकावर एक नीट ठेवलेलं. त्याला 'आंपिले'. आत 'पिल' म्हणजे चळत दिसते. ताटल्या, पुस्तकं, खुर्च्या, पुठ्ठ्याची खोकी यांना हे क्रियापद.

ढीग म्हणजे कसंही टाकलेलं. फ्रेंचमध्ये ढीग म्हणजे 'ता', त्यावरून 'आंतासे'. पण या क्रियापदात एक कोंबण्याची छटाही आहे. कपाटात कपडे कोंबले, तर 'आंतासे'. सकाळी आठच्या गाडीत माणसं कोंबली, तरी 'आंतासे'. डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्याला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. 'ता' बोलण्यातही सतत येतो. 'अँ ता द' म्हणजे ढीगभर, पुष्कळ. 'ढीगभर कामं आहेत' हे फ्रेंच माणूस अगदी आपल्यासारखंच म्हणतो.

तिसरं 'आमोंस्ले'. हे मूळच्या छोट्या डोंगरावरून आलंय. मोठ्या राशी, साचत गेलेले ढिगारे, दाटून आलेले ढग. ढग दाटले की पुन्हा 'स' लावून 'सामोंस्ले'. बोलण्यात कमी, लिहिण्यात जास्त. सुरुवातीला वाचता आलं तरी बास.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर पॅरिसला गेल्यावर सें-लाझार स्टेशनाबाहेर जा. तिथे घड्याळांचा एक उभा ढीग आहे. मोठमोठी स्टेशनवरची घड्याळं एकमेकांवर चढलेली, कुठलीच वेळ जुळत नाही. जवळच बॅगांचा तसाच दुसरा खांब. दोन्ही शिल्पं आर्मान या नीसमध्ये जन्मलेल्या कलावंताची, १९८५ सालची. त्याने १९५९ पासून एकाच प्रकारच्या वस्तू खच्चून भरून कलाकृती केल्या आणि त्यांना नावच दिलं 'आक्युम्युलासिओं'. १९६० मध्ये तर त्याने पॅरिसमधली एक आख्खी गॅलरी कचऱ्याने भरून टाकली. लोकांना काचेबाहेरूनच बघावं लागलं. विद्यार्थ्यांना मी विचारते, त्या घड्याळांना 'आंपिले' म्हणाल की 'आंतासे'? वाद होतो. होऊ द्यावा. माझं मत 'आंतासे', कारण एकही घड्याळ सरळ बसवलेलं नाही.

जाता जाता एक शब्द फुकट. 'क्युम्युलस'वरूनच फ्रेंचमध्ये 'कोंब्ल' आला. राशीचं टोक, मग छपराचं टोक, मग कशाचीही पराकाष्ठा. 'से ल कोंब्ल!' म्हणजे 'आता मात्र कळस झाला!' तपासणी अगदी सगळीकडून केली तर 'द फों आं कोंब्ल', तळापासून छपरापर्यंत, आपल्या पायापासून कळसापर्यंतसारखं. आणि नाट्यगृह खच्चून भरलं की 'साल कोंब्ल'. हा आपल्या 'कोंबलं'चा नातेवाईक नाही, निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात राहायला याच्यासारखी सोय नाही.

पायरी चौथी: पैसा असेल तर हेतू विचारा

पैशाच्या बाबतीत सगळ्यांत जास्त घोटाळे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

रोजच्या बचतीपासून सुरुवात करा. महिन्याच्या पगारातून आपण हजार रुपये 'बाजूला टाकतो'. फ्रेंचमध्येही 'मेत्र द कोते', शब्दशः बाजूला ठेवणं. नवशिक्याने पहिल्यांदा हेच शिकावं. इथे 'अक्युम्युले' वापरलंत तर तुम्ही साम्राज्य उभारताय असं वाटेल. औपचारिक शब्द 'एपार्न्ये'. बँकेच्या कागदांवर तो दिसेल. बचत खात्याचं फ्रान्समधलं सगळ्यांत रुळलेलं नाव 'लिव्रे आ', आणि ते खातं १८१८ पासूनचं. फ्रान्समध्ये राहायला जाणाऱ्याला पहिल्याच महिन्यात हा शब्द भेटतो.

साठवलेल्या छोट्या पुंजीला आपण 'डबोलं' म्हणतो, तिकडे 'बा द लेन' म्हणतात, म्हणजे लोकरीचा पायमोजा. आपल्या आज्या तांदळाच्या डब्यात नोटा लपवायच्या, त्यांच्या आज्या मोज्यात.

मोठी संपत्ती जमवली तर इंग्रजीत 'अमास', फ्रेंचमध्ये 'आमासे'. दोन्हींच्या आत 'मास' आहे, गोळा. त्याच्याही मागे ग्रीकमधला मळलेल्या पिठाचा गोळा. पण दोघांचं वजन सारखं नाही. इंग्रजी 'अमास' भारदस्त आहे, त्याच्यापुढे संपत्ती, पुरावे, सैन्य असलं काहीतरी लागतं. फ्रेंच 'आमासे'ला एवढा माज नाही. गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही ही म्हण दोन्ही भाषांत आहे. इंग्रजी म्हणीत 'गॅदर' येतं आणि फ्रेंच म्हणीत 'आमासे'. म्हणजे फ्रेंचमध्ये शेवाळासाठीही तो शब्द चालतो. इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जाताना हा फरक ध्यानात घ्या, नाहीतर वाक्य विनाकारण जड होतं. कर्जाला दोन्हीकडे हे शब्द टाळा. डोक्यावर कर्ज करून ठेवलं तर फ्रेंचमध्ये 'अक्युम्युले', इंग्रजीत बोलताना 'रॅक अप'. चुकांवर चुका केल्या, पुन्हा पुन्हा उशीर केला, तरी फ्रेंचमध्ये 'अक्युम्युले'च.

व्याजाचं तिन्ही भाषांत वेगळंच चालतं. मराठीत व्याज 'चढतं'. इंग्रजीत ते 'अक्रू' होतं, म्हणजे वाढतं, आणि तो शब्द फ्रेंचमधूनच गेलेला. खुद्द फ्रेंचमध्ये मात्र व्याज 'पळतं', 'कूर'. हिशेबाच्या कागदावर 'अँतेरे कूर्यु' दिसलं की ते जमा होत गेलेलं व्याज.

आता नुसता पुरून, दडवून ठेवलेला पैसा. ना गुंतवायचा, ना खर्चायचा. याला फ्रेंचमध्ये खास शब्द आहे, 'तेझोरिझे'. मूळ लॅटिन 'थेसॉरस', म्हणजे खजिना. इंग्रजी 'थेसॉरस' हा शब्दांचा खजिना, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश. पीटर रोजे या इंग्रज डॉक्टरने केलेला असा कोश पहिल्यांदा निघाला १८५२ मध्ये. तर 'तेझोरिझे' म्हणजे धन करून त्यावर नाग होऊन बसणं. साध्या बचतीला हा शब्द लावू नका, समोरच्याला चिक्कूपणाचा वास येतो.

आणि खुद्द 'खजिना'? अरबीत साठवण्याचा जो धातू आहे, त्यावरून कोठाराला 'मखझन'. तोच फ्रेंचमध्ये जाऊन 'मागाझँ' झाला, आधी कोठार, आता साधं दुकान. इंग्रजीत 'मॅगझिन', दारूगोळ्याचं कोठार, आणि १७३१ मध्ये लंडनच्या एका मासिकाने हे नाव घेतल्यापासून मासिकही. आपला खजिना फारसीच्या वाटेने आला, पण धातू तोच. म्हणून माल कोठारात भरणं याला 'आंमागाझिने' म्हणतात हे कळलं की घोकावं लागत नाही. दुकानदाराच्या भाषेत हल्ली 'स्तोके' जास्त चालतं.

इंग्रजी 'होर्ड' सांभाळून वापरा. इंग्लंडमध्ये 'होर्ड' म्हणजे पुरलेलं गुप्तधन. स्टॅफर्डशायरमध्ये २००९ साली शेतात सापडलेला सोन्या-चांदीच्या चार हजारांहून जास्त तुकड्यांचा साठा याच नावाने ओळखला जातो. क्रियापद झालं की मात्र वाईट अर्थ, साठेबाजी. आणि आपल्याकडे होर्डिंग म्हटलं की नेत्यांच्या वाढदिवसाचा फलक! तो शब्द पूर्ण वेगळा आहे. तो जुन्या फ्रेंचमधल्या लाकडी कुंपणावरून आला. बांधकामाभोवतीच्या फळ्या, त्यावर जाहिराती, असा त्याचा प्रवास. उच्चार सारखा, कूळ वेगळं.

भाव वाढावा म्हणून व्यापारी माल अडवून ठेवतो, तेव्हा फ्रेंचमध्ये 'आकापारे' आणि असा व्यापारी 'आकापारर'. हा शब्द इटालियनमधून आला आणि मुळात इसार देण्याशी त्याचा संबंध. इसार देऊन सगळा माल स्वतःकडे अडवायचा, म्हणजे धंद्याची युक्ती शब्दातच सांगितलीय. राज्यक्रांतीच्या काळात, जुलै १७९३ मध्ये, पॅरिसने या गुन्ह्याला मृत्युदंड ठरवला होता. आपला जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, तो त्या मानाने फारच सौम्य. आज 'आकापारे' माणसांनाही लागतो. मूल आईला दिवसभर दुसरं काही सुचू देत नाही, तर तेही आईला 'आकापारे' करतं.

पायरी पाचवी: 'कलेक्ट' दिसलं की सावध व्हा

माझी नाण्यांची फजिती या पायरीवरची. इंग्रजी 'कलेक्ट'च्या पोटात निदान चार वेगळी कामं आहेत.

गणपतीची वर्गणी गोळा करणं, रक्त, माहिती किंवा कचरा गोळा करणं: 'कोलेक्ते'. दारोदार जाऊन, काही कारणासाठी.

छंद म्हणून नाणी, तिकिटं, काडेपेट्यांची कव्हरं जमवणं: 'कोलेक्सिओने'. शब्दात 'कलेक्शन' दिसतं आहेच. 'मी तिकिटं कोलेक्ते करते' म्हणालात तर तुम्ही पोस्टातल्या कर्मचारी वाटाल.

खाली पडलेलं, पसरलेलं उचलणं: 'रामासे'. मुलांनी खोलीभर टाकलेली खेळणी, जंगलातल्या अळंब्या. शिक्षक तास संपल्यावर उत्तरपत्रिका गोळा करतात तेव्हाही 'रामासे'. आणि शाळेची बस मुलांना थांब्याथांब्यावरून उचलत जाते, त्याला 'रामासाज स्कोलेर' म्हणतात. मुलं काही खाली पडलेली नसतात, पण सकाळी सात वाजता त्यांच्याकडे बघून तसं म्हणायला हरकत नाही.

चौथा शब्द माझा आवडता. पीक काढून झाल्यावर शेतात जी कणसं, दाणे, शेंगा राहतात, त्यांना मराठीत 'सरवा' म्हणतात आणि तो वेचायला बाया जातात. फ्रेंचमध्ये यासाठी एकच शब्द, 'ग्लाने', इंग्रजीत 'ग्लीन'. मीये या चित्रकाराचं सरवा वेचणाऱ्या तीन बायांचं १८५७ सालचं चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. दोघी कमरेत पार वाकलेल्या, तिसरी अर्धी उभी होतेय, आणि मागे दूरवर मालकाच्या गंज्या भरभरून उभ्या. फ्रेंच न येणाऱ्या माझ्या मावशीने मोबाइलवर ते चित्र बघून लगेच म्हटलं, 'सरवा वेचतायत गं.' शहरातल्या मुलांना हा शब्द दोन्हीकडून शिकवावा लागतो. आज 'ग्लाने' आणि 'ग्लीन' दोन्ही माहितीसाठी वापरतात, इकडून तिकडून थोडं थोडं वेचून आणलेली माहिती.

आणि जो सगळं पीक गाडीत भरून घरी नेतो, त्याच्यासाठी 'आंग्रांजे', धान्याच्या कोठीत घालणं. बातम्यांत कंपनी नफा 'आंग्रांजे' करते, संघ गुण 'आंग्रांजे' करतो. इंग्रजी 'गार्नर'ही कोठारातूनच निघालेला, पण आता तो पाठिंबा आणि वाहवा मिळवायला लावतात. त्याच कोठाराचं फ्रेंच रूप 'ग्रनिए', म्हणजे माळा. गावोगाव रविवारी 'विद-ग्रनिए' भरतो, म्हणजे 'माळा रिकामा करा' बाजार. स्वस्तात खुर्ची, दिवा, कढई घ्यायची असेल तर नव्याने गेलेल्यांनी पाट्या बघत राहावं.

पायरी सहावी: दोन खुर्च्या, एक माणूस

ही पायरी छोटी. 'क्युम्युले' हा 'अक्युम्युले'चा धाकटा भाऊ, पण याच्यात ढीग नाही, बेरीज आहे. एकाच वेळी दोन नोकऱ्या करणं, दोन सवलती एकत्र घेणं, दोन पदं सांभाळणं. आपल्या गुणपत्रिकेवरच्या 'सीजीपीए'मधला सी आणि बँकेतली 'क्युम्युलेटिव्ह' मुदत ठेव याच घरातली, आधीच्यात नवं मिळवत जाणारी. फ्रान्समध्ये हा शब्द राजकारणात फार गाजला. खासदार आणि नगराध्यक्ष एकच माणूस असायचा, अशांना 'देप्युते-मेर' म्हणत. फेब्रुवारी २०१४ च्या कायद्याने ते बंद झालं आणि २०१७ पासून लागू झालं. दुकानात सवलतीच्या कागदावर 'नों क्युम्युलाब्ल' दिसलं तर समजायचं, ही सूट दुसऱ्या सुटीबरोबर मिळणार नाही. वाद घालू नका, मी घालून बघितलाय.

पायरी सातवी: शब्दकोश कसा उघडायचा

नुसता अर्थ बघून शब्द उचलायचा नाही, शेजारी कुठले शब्द बसतात ते बघायचं. 'ट्रेझोर द ला लांग फ्रांसेझ' हा सोळा खंडांचा कोश आता इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्याच्या नावातच खजिना आहे. त्यात प्रत्येक अर्थाखाली वाक्यं दिलेली असतात. नवशिक्याला ती सगळी कळणार नाहीत, पण क्रियापदापुढे काय येतं एवढंच टिपत जा: 'आंपिले'पुढे ताटल्या, 'आमासे'पुढे पुरावे, 'कोलेक्ते'पुढे देणग्या. मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा जुना कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, तीही इंटरनेटवर शोधता येते. चळत, गंजी, सरवा असले शब्द धूसर झाले असतील तर आधी तिकडे जा आणि मगच फ्रेंचकडे या.

पायरी आठवी: घरातून एक फेरी

वही घ्या आणि स्वतःच्याच घरात दहा मिनिटं फिरा. दिसेल त्या साठ्याचं आधी मराठीत वाक्य करा, मग फ्रेंच क्रियापद निवडा. आमच्या घरची फेरी अशी झाली.

बाल्कनीत पाणी साचलंय. आपोआप, म्हणून 'स' हवा. साक्युम्युले.

कपाटात साड्या कोंबल्यात. आंतासे.

दारामागे रद्दी नीट रचून ठेवलीय. वडिलांची शिस्त. आंपिले.

भावाने क्रिकेटच्या सामन्यांची तिकिटं जमवलीत. छंद. कोलेक्सिओने.

सोफ्याखालून मुलाने आठ रुपये शोधून काढले. रामासे, आणि यावेळी अगदी बरोबर.

मग पोटमाळा. शिडी लावली, दार उघडलं, तर श्रीखंडाचे रिकामे डबे. अर्धा किलोचे वेगळे, पाव किलोचे वेगळे, एकात एक घालून, झाकणं दोरीत ओवून टांगलेली. मी मोजले, एकशे बारा. आता क्रियापद कुठलं? रचलेत म्हणून 'आंपिले' म्हणता येईल, पण ती नुसती मांडणी झाली. छंद नाही, तेव्हा 'कोलेक्सिओने' बाद. त्यात आई नागासारखी बसलेली नाही, शेजारणीला डब्यातून चटणी देते, तेव्हा 'तेझोरिझे'ही बाद. मागे लागलेलं दुखणं तर मुळीच नाही. त्याला इंग्रजीत 'होर्डिंग डिसॉर्डर' म्हणतात आणि २०१३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत त्याची वेगळी नोंद आहे. फ्रेंचमध्ये 'सिलोगोमानी'. घर अस्वच्छतेने, पसाऱ्याने भरलेलं असलं की लोक 'डायोजिनस सिंड्रोम'ही म्हणतात, ज्या ग्रीक तत्त्वज्ञाकडे जवळपास काहीच नव्हतं, त्याचं नाव! त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे.

शेवटी साधं क्रियापद सापडलं: 'गार्दे', ठेवणं. आई डबे ठेवते. का ठेवते, याला फ्रेंचमध्ये तयार वाक्य आहे आणि ते तिकडच्या प्रत्येक माळ्याखाली ऐकू येतं: 'सा प तुजूर सेर्वीर.' मी शिडीवरूनच आईला विचारलं, 'एवढ्या डब्यांचं करायचं काय?' तिने खालून त्याचा अचूक मराठी अनुवाद सांगितला. 'असू देत. लागतात कधीतरी.'